चारआयन्याचा पत्रा घरी घडवताना: सल्फर नसलेली तेलमाती कुठे कामी येते, कुठे उगाच महाग पडते

शाडूवर हात बसलेल्याला ही माती पहिल्या दिवशी दगडासारखी वाटते. डब्यातून काढलेला मीडियम जातीचा गोळा अंगठ्याने दाबला, तर नखाचा ओरखडा तेवढा उमटतो. तोच गोळा थोडा शेकून हातात घेतला की लोण्यासारखा पसरतो, आणि पंख्याखाली दहा मिनिटं ठेवला की पुन्हा कोरणी धरण्याइतका घट्ट होतो. ही गरम-गार होण्याची चाल ओळखली की अर्धं काम जमलं. पोशाखी चिलखत घरी करणाऱ्यांची पहिली कामं बहुधा इथेच फसतात, कारण ते गार मातीशी बळ लावून झगडत बसतात.

मॉन्स्टर क्ले किंवा शॅव्हंट कंपनीची एनएसपी अशा तयार डब्यात मिळणाऱ्या, मेणाच्या पायाच्या, सल्फर नसलेल्या मातीबद्दल हे लिहिलं आहे, आणि तेही एका ठरावीक कामापुरतं: चारआयन्याचा पुढचा पत्रा. चारआयना म्हणजे साखळीच्या चिलखतावर छाती, पाठ आणि दोन्ही बगलांना बांधायचे चार पोलादी पत्रे. शब्द फारसी, अर्थ चार आरसे. ऐतिहासिक नाटकाला किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीतल्या सरदाराला तो शोभतो. कामाचा क्रम असा: मातीत मूळ पत्रा घडवायचा, त्यावर सिलिकॉनचा, म्हणजे रबरासारखा लवचीक साचा घ्यायचा आणि त्या साच्यात रेझिन भरून फायबरचा पत्रा काढायचा. घरच्या कामासाठीही हाच तुकडा निवडावा, कारण छाती आणि पाठ एकाच साच्यातून निघतात. बगलेच्या पत्र्यांना वरून हातासाठी अर्धगोल खाच लागते, म्हणून त्यांचा साचा वेगळा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं पोलादी छातीकवच आहे, ते एकदा जवळून पाहून यावं. कडेची पट्टी किती बारीक असते आणि मधला भाग किती मोकळा सोडलेला असतो, हे फोटोत नीट कळत नाही.

मध्यम बांध्याच्या माणसाला पत्रा साधारण २६ सेंमी उंच आणि २१ सेंमी रुंद पुरतो. माप अंगरखा घालूनच घ्यावं, उघड्या छातीवर घेतलेलं माप हमखास लहान पडतं. मातीचा थर सरासरी दीड सेंमी धरला, तर सव्वा ते दीड किलो माती लागते. दोन किलोचा डबा घेतला की नक्षी आणि दुरुस्तीपुरती उरते.

सॉफ्ट, मीडियम, हार्ड अशा तीन जाती मिळतात. सॉफ्ट हाताला छान लागते म्हणून नवखे तीच उचलतात आणि फसतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारी सॉफ्टची धारदार कड संध्याकाळपर्यंत गोल झालेली असते, टेबलावरच्या दिव्याची धगही तिला पुरते. पत्र्याचा सगळा दिमाख कडेत असतो, म्हणून मीडियमच घ्यावी. हार्ड कोरायला उत्तम, पण दर थोड्या वेळाने शेकावी लागते. ती फक्त बारीक नक्षीला वापरावी.

खाली नेहमी ठोकळा हवा. सबंध मातीचा पत्रा करू नये, माती वाया जाते आणि जाड गोळा आतून लवकर गार होत नाही. थर्माकोलचा ठोकळा असा तासावा की २१ सेंमी रुंदीत मध्यभाग ३ सेंमी उंच येईल. एवढा बाक साधारण २० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा असतो, पुठ्ठ्यावर तो कंस काढून कापला की तासताना टेकवून पाहता येतं. मग ठोकळ्याला बारीक तारेची जाळी खिळवून तो प्लायवर पक्का चिकटवावा. जाळी चुकवली तर माती गार होताना ठोकळ्यावरून सुटते. वरून काहीच दिसत नाही, पण कोरणी दाबली की आत पोकळ आवाज येतो. अशा वेळी वरून लिंपून उपयोग नाही. तेवढा भाग काढून पुन्हा लावावा लागतो.

माती वितळवताना सुपारीएवढे तुकडे करावेत. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून ढवळावं, नाहीतर कडेला घट्ट दिसणारा गोळा मधोमध उकळत असतो आणि चमचा घातला की हातावर उडतो. गॅसवर करायचं तर पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून, थेट आचेवर कधीच नाही. ते भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरू नये. पातळ माती ब्रशने ३-४ मिमीच्या थरांत चढवावी. एकदम ओतली तर आत हवा अडकते, आणि पुढे नक्षी कोरताना ते बुडबुडे एकेक करून उघडे पडतात.

सर्वांत जास्त वेळ जातो तो दोन्ही बाजू सारख्या करण्यात, आणि त्यात मातीचा काहीच दोष नसतो. माणसाचा हात एका बाजूला सराईत असतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा भरीव येते आणि रोज तेच पाहून डोळा सरावतो. मधोमध दोरा ताणून रेघ घ्यावी. अर्ध्या पत्र्याची नक्षी पारदर्शक प्लास्टिकवर काढावी, ती उलटवून दुसऱ्या बाजूला सुईने टोचून ठिपके उठवावेत. मोबाइलवर फोटो काढून तो आडवा उलटवला की वाकडेपणा क्षणात दिसतो. ही तपासणी नक्षीआधी करावी. नक्षी झाल्यावर बाक दुरुस्त करणं म्हणजे सगळं पुन्हा करणं.

कडेची उठावाची पट्टी हाताने लाटली तर कुठे जाड, कुठे बारीक होते. इथे घरातला जुना सोऱ्या कामाला येतो. चकलीची नाही, शेवेची जाड जाळी घालावी, कोमट माती भरावी आणि एकसारखी दोरी काढावी. सोऱ्या पुन्हा फराळाला घ्यायचा नाही. दोरी चिकटवण्याआधी खालच्या मातीवर चरे ओढावेत आणि टर्पेंटाइनचा हलका हात फिरवावा. रिव्हेटची टिकली मातीत घडवत बसू नये. सोफ्याला मारतात ते पितळी खिळे शेवटी फायबरच्या पत्र्यात बसवले की खऱ्यासारखेच दिसतात आणि सगळे एकाच मापाचे असतात.

वेलबुट्टी कोरताना रेघेच्या दोन्ही कडांना बारीक कणी उठते. ती बोटाने पुसली तर रेघ भरून जाते. पातळ प्लास्टिकची पिशवी मातीवर ताणून धरावी आणि कोरणीचं बोथट टोक प्लास्टिकवरूनच रेघेतून फिरवावं. कणी दबते, कड मऊ गोलाईची येते आणि ठोकून उठवलेल्या धातूसारखी दिसते. शेवटचा गुळगुळीतपणा मऊ ब्रश आणि टर्पेंटाइनने येतो, पण ब्रश जेमतेम ओला हवा. थबथबलेला ब्रश नक्षी विरघळवतो. नंतर रात्रभर उघडं ठेवावं, ओलसर टर्पेंटाइनवर सिलिकॉन नीट बसत नाही. माती घट्ट व्हावी म्हणून काहीजण ती फ्रिजमध्ये ठेवतात. कोरायला मदत होते, पण बाहेर काढल्यावर दमट हवेचे थेंब पृष्ठभागावर जमतात. ते टिपून कोरडे झाल्याशिवाय साच्याकडे वळू नये.

आता पैशाचा मुद्दा. या मातीला जास्त पैसे मोजायचे ते तिच्यात सल्फर नाही म्हणून. साच्याचं सिलिकॉन दोन प्रकारचं असतं, एक प्लॅटिनमच्या आणि दुसरं टिनच्या संयुगाने जमणारं. प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन सल्फर असलेल्या मातीला टेकलं की त्या थरात जमतच नाही, चिकट राहतं. साचा उचलला की नक्षीवर ओला लगदा उरतो आणि साचा व मूळ काम दोन्ही हातचं जातं. पण टिनवर जमणाऱ्या सिलिकॉनला सल्फरची अडचण नाही, प्लास्टरलाही नाही. ओळख साधी आहे: दोन भाग सारख्या प्रमाणात मिसळायचे असतील तर ते बहुतेक प्लॅटिनमचं, आणि शेकड्याला दोन-चार भाग हार्डनर घालायचा असेल तर बहुतेक टिनचं. टिनचं सिलिकॉन किंवा प्लास्टरचा साचा करणार असाल, तर साधी शिल्पकामाची प्लॅस्टिसिन पुरते आणि खर्च बराच कमी होतो. शंका असेल तर मातीच्या तुकड्यावर नाण्याएवढं सिलिकॉन टाकून २४ तास थांबावं. खालची बाजू कोरडी सुटली तरच पुढे जावं.

एवढ्या पत्र्याला, साच्यासाठी भोवती सोडायची मोकळी पट्टी धरून, ६ मिमी जाडीच्या साच्यासाठी पाऊण किलोच्या आसपास सिलिकॉन लागतं. पहिला थर पातळ, उंचावरून बारीक धारेने सोडावा, म्हणजे बुडबुडे वाटेतच फुटतात. वरून काथ्या घालून दोन-अडीच किलो प्लास्टरचं कवच करावं, नाहीतर रेझिन भरताना सिलिकॉनचा साचा वाकतो आणि पत्र्याचा बाक बिघडतो. अडीच मिमी जाडीचा फायबरचा पत्रा साधारण २०० ग्रॅमचा होतो, तोच दीड मिमी पोलादात साडेसहाशेच्या आसपास जाईल. तीन तासांच्या प्रयोगात हा फरक खांद्यांना नक्की जाणवतो. रेझिनचं काम मात्र घरात नको. गच्चीवर, वाफा अडवणारा मास्क लावूनच करावं.

शाडूशी तुलना करायची तर, शाडू स्वस्त आहे आणि हाताखाली भराभर उठतो, पण वाळतो, आकसतो आणि पातळ कडेला तडे देतो. दोन-तीन दिवसांत काम संपवून लगेच प्लास्टरचा साचा घेणाऱ्याला शाडूच बरा. नोकरी सांभाळून रोज रात्री तासभर काम करणाऱ्याला तेलमाती हवी. महिनाभर झाकून ठेवली तरी ती जशीच्या तशी असते, ओल्या फडक्याची काळजी नाही. साचा निघाल्यावर ठोकळ्यावरची माती खरवडून परत डब्यात जाते. प्लास्टरची पूड किंवा सिलिकॉनचे चिकटलेले तुकडे असलेला वरचा थर मात्र सुरीने तासून टाकून द्यावा. प्लास्टरची एक कणी राहिली तरी पुढच्या पत्र्यात कोरणी तिथेच अडखळते आणि नितळ मैदानावर ओरखडा काढते.