उद्यानविद्या की बी.पी.एड.?

सर्वांना खेळता येईल अशा बागांचं काम करायचं, तर कोकणात दोन वाटा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची उद्यानविद्येची पदवी ४ वर्षांची, बारावी विज्ञाननंतर. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम, पदवीनंतर २ वर्षांचं. पहिल्या वाटेत भर झाडांवर, व्हीलचेअरसाठीच्या उतारांवर नाही. पण अशा बागेत ४५ सेंटिमीटर चढायला १:१२ प्रमाणे, म्हणजे उंचीच्या बारापट लांब, ५.४ मीटर रॅम्प लागतो. तिथे जांभा घातला की पावसाळ्यात शेवाळ धरतं, व्हीलचेअर घसरते. खाऱ्या वाऱ्यात झोपाळ्याच्या साध्या लोखंडी कड्या लवकर गंजतात. दुसऱ्या वाटेत माणसं कळतात: दृष्टिहीन मुलांना घुंगरांचा चेंडू द्यायचा आणि भोवती शांतता ठेवायची, नाहीतर चेंडू कुठे आहे ते समजतच नाही. आमचा कल या दुसऱ्या वाटेकडे, बी.पी.एड.कडे, मात्र रॅम्पची मापं आधी शिकून घ्या.