वानली की योंगझेंग?

भाचीला निबंधासाठी चीनचा एकच सम्राट निवडायचाय आणि ती या दोघांत अडकलीय. कारकीर्द पाहिली तर मिंग घराण्याचा वानली ४८ वर्षं गादीवर (१५७२–१६२०), छिंग घराण्याचा योंगझेंग जेमतेम १३. पण हुकमत? वानलीला लाडका तिसरा मुलगा वारस हवा होता. अधिकाऱ्यांनी रीतीवर बोट ठेवून वर्षानुवर्षं अडवलं. १६०१ मध्ये थोरलाच युवराज झाला. रुसलेल्या वानलीने दरबार टाळला, रिकाम्या जागा भरल्याच नाहीत. योंगझेंग मात्र गुप्त अहवाल स्वतः वाचून त्यावरच लाल शाईने उत्तरं लिहायचा. मला तो लाल शाईचा कागद फार बोलका वाटतो. सत्तेच्या मर्यादा मांडायच्या असतील तर वानली घे. कारभार हातात कसा ठेवला जायचा हे दाखवायचं तर योंगझेंग.