निकॉन डी३५०० आणि ३५ एमएम प्राइम: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, हा कॅमेरा आता जुना झालाय. २०१८ मध्ये आला होता, उत्पादनही बंद झालंय, म्हणजे घ्यायचा तर सेकंडहँडच. मीही तसाच घेतला, १८-५५ किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम), आणि बऱ्याच दिवसांनी त्याला ३५ एमएम एफ/१.८ ही प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स जोडली. एमएमचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ, तो मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा म्हणजे अपर्चर, उजेड आत घेणारं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं. व्यवसाय वगैरे काही नाही, निव्वळ हौस. त्यामुळे लॅबसारखी टेस्ट इथे मिळणार नाही, रोज हाताळून जे कळलं तेवढंच लिहितोय.

बॉडी हलकी आहे, नुसती ३६५ ग्रॅम, आणि ग्रिप मात्र खोल, चार बोटं नीट बसतात. हे वाचायला किरकोळ वाटतं पण जड कॅमेरा घरीच राहतो आणि हा बॅगेत जातो. बॅटरीबद्दल तर काय बोलावं, अधिकृत आकडा एका चार्जवर १५५० फोटोंचा आहे आणि चार्जर कुठे ठेवलाय ते मला दर वेळी शोधावं लागतं. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असल्यामुळे हे होतं, डोळ्याला लावून बघताना स्क्रीन चालूच नसते.

पण त्याच व्ह्यूफाइंडरची दुसरी बाजूही आहे. तो फ्रेमचा ९५ टक्केच भाग दाखवतो, म्हणजे आपल्याला कडेला काही दिसत नसतं आणि फोटोत मात्र कुणाचं तरी कोपर किंवा स्विचबोर्डाचा तुकडा येऊन बसतो. शिवाय एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, आधी दिसत नाही, फोटो काढल्यावरच कळतं. मिररलेसवाल्यांना (आत आरसा नसलेले, स्क्रीनवर चित्र दाखवणारे कॅमेरे) हे आधीच दिसतं, आणि त्यांना डोळा ओळखणारा फोकसही मिळतो. इथे ११ फोकस पॉइंट, तेही मधोमध गोळा झालेले. मी सरळ सिंगल पॉइंट ठेवतो, मधला, बटण अर्धं दाबून फोकस लॉक करायचा आणि मग फ्रेम सरकवायची. बसलेल्या माणसाला चालतं, धावणाऱ्या पोराला नाही चालत, तिथे एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा मोड) लावून बरेच फोटो काढायचे आणि त्यातले बरेच उडवायचे.

डायल एकच आहे. ए मोडमध्ये (अपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) तो अपर्चर बदलतो, आणि शटर बटणाजवळचं प्लस-मायनसचं बटण दाबून फिरवला की एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय. मी नव्वद टक्के वेळ इथेच असतो. एम मोडमध्ये (सगळं आपणच ठरवायचं) मात्र अपर्चर बदलायला तेच बटण दाबून धरावं लागतं, सुरुवातीला बोटं गोंधळतात. डायलवर गाइड मोड पण आहे, तो पहिले काही दिवस बरा, नंतर त्याचे प्रश्न संपेपर्यंत समोरचा माणूस निघून जातो.

हे प्लस-मायनस प्रकरण मला शिकण्यातलं सगळ्यात कामाचं वाटलं, म्हणून जरा थांबून सांगतो. कॅमेऱ्याचा मीटर समोर काय आहे हे फारसं ओळखत नाही, त्याला सगळं साधारण मधल्या करड्या उजेडाचं करायचं असतं. पांढऱ्या चादरीवर पांढरं मांजर ठेवा, चादर मळकी येते. तिथे प्लस ०.७ किंवा प्लस १ द्यायचं. काळ्या जॅकेटमधला माणूस फ्रेमभर असला तर उलट, मायनस. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघायची सवय लागली की दोन फोटोंत जमतं. हा एक प्रकार कळल्यावर 'कॅमेरा डार्क फोटो काढतो' ही माझी तक्रार आपोआप बंद झाली.

आता लेन्स. किट लेन्सला नावं ठेवायची एक फॅशन आहे, मला काही ते पटत नाही. एएफ-पी (नव्या प्रकारच्या फोकस मोटरचं) व्हर्जन घेतलं असेल तर फोकस झटपट होतो, आवाज जवळपास नाही, काही व्हर्जनमध्ये व्हीआर (हाताचं हलणं सावरणारी सोय) आहे, आणि २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. दिवसा एफ/८ ला काढलेल्या फोटोत मला तक्रारीला जागा सापडत नाही. अडतं ते संध्याकाळी घरात.

आणि पुढची लेन्स कुठली हा प्रश्न आला तेव्हा लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवून मी स्वतःचे जुने फोटो उघडले. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ, शटर (उजेड किती वेळ आत आला), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) सगळं लिहिलेलं असतं, फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थनुसार फिल्टर लावता येतो. मला वाटत होतं आपल्याला झूम कमी पडतोय, ७०-३०० (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) घ्यावी. फाइली वेगळंच सांगत होत्या, ५५ वर काढलेले फोटो थोडेच होते आणि आवडते म्हणून ठेवलेले बहुतेक २८ ते ४० च्या मधले, त्यातले कितीतरी आयएसओ ६४०० वर. म्हणजे लांबचं दिसत नाही ही अडचणच नव्हती, उजेड कमी पडत होता. कुणी काही घ्यायच्या आधी विचारलं की मी आता एवढंच सांगतो, आधी तुझे फोटो उघड.

३५ एमएम एफ/१.८ जी डीएक्स ही लेन्स २००९ ची आहे, २०० ग्रॅम. डीएक्स म्हणजे निकॉनचा फुल-फ्रेमपेक्षा छोटा सेन्सर, त्याला क्रॉप १.५ चा (आकड्याला १.५ ने गुणायचं), त्यामुळे दिसते ती साधारण ५० एमएमसारखी. किट लेन्स ३५ वर एफ/४.५ च्या आसपास उघडते, ही १.८ ला, म्हणजे सहापट उजेड. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे १००० मध्ये काम होतं आणि शटर तेवढाच राहतो. केसांचे तपशील चिखल होत होते ते आता केस दिसतात. हा फरक बघायला झूम करून बघावं लागत नाही.

फक्त एफ/१.८ ला फोकसची पट्टी किती बारीक असते ते लक्षात घ्या. एक मीटरवरून काढला तर जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा भाग धारदार येतो, चेहरा जरा तिरका असला की जवळचा डोळा कडक आणि लांबचा मऊ. त्यामुळे एका माणसाला २ ते २.८, दोघं-तिघं असली तर ४ किंवा ५.६, असं माझं आता ठरलेलं आहे. उजेडाकडे तोंड करून काढलं तर फांद्यांच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते, मोठ्या अपर्चरच्या लेन्समध्ये थोडंफार हे असतंच, २.८ ला बरीच कमी होते. व्हीआर नाही, पण ३५ ला मला १/६० ला हात पुरतो. माणसं हलतात त्याला व्हीआर असूनही काही उपयोग नसतो, म्हणून ऑटो आयएसओमध्ये कमीत कमी शटर १/१२५ आणि वरची मर्यादा ३२०० करून ठेवलीय आणि मग त्याच्याकडे बघतच नाही.

ट्यूबलाइटखाली एक गंमत होते. शटर १/५०० केला की एक फोटो पिवळट, पुढचा निळसर, कधी अर्ध्या फ्रेमवर पट्टा. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण शटरला कळतं. १/१०० किंवा १/५० ठेवा, रंग एकसारखे येतात.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी. या बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं हवं. ५० एमएम एफ/१.८ डी स्वस्त मिळते म्हणून लोक उचलतात, ती बसते, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा. एफ/१६ ला रिकाम्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ, एफ/२.८ ला ते लपतात म्हणून दुकानात नेहमी उघड्या अपर्चरचेच नमुने दाखवतात. थोडे ठिपके असले तर घाबरायचं नाही, या मॉडेलला सेन्सर स्वतः झटकून साफ करायची सोय नाही, ब्लोअर बाळगावाच लागतो. शटर काउंट (आतापर्यंत किती फोटो काढले तो आकडा) फोटोच्या फाइलमध्ये सापडतो, ताजा फोटो मागून घ्या.

व्हिडिओवाल्यांनी इथे थांबूच नये, माइकचं भोक नाही, स्क्रीन वळत नाही, टच नाही, लाइव्ह व्ह्यूमधला (मागच्या स्क्रीनवर बघून काढताना) फोकस निवांत. वायफायही नाही, ब्लूटूथवरून मोबाइलवर २ मेगापिक्सेलचे छोटे फोटो आपोआप येतात, घरच्या ग्रुपला पुरतात, मोठे हवे तर कार्ड रीडर. आणि नवंच घ्यायचं बजेट असेल तर आज मिररलेस घ्या, पुढच्या लेन्स त्याच बाजूला येतायत, इथे भावनिक व्हायचं कारण नाही. कमी पैशात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), खरा अपर्चर आणि बदलता येणारी लेन्स यावर हात बसवायचा असेल तर मात्र मला अजून हाच पटतो. आयएसओ १०० च्या रॉमधून सावलीतला भाग इतका वर खेचता येतो की अजूनही मजा वाटते, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ हे फोटोचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात माझं भागतं.

७०-३०० अजून घेतलेली नाही. परत फाइली चाळल्या, आता अडतंय ते रात्री घरात चारपाच जण एकत्र असले की, एफ/४ हवा असतो आणि आयएसओ पुन्हा ३२०० ला जाऊन टेकतो. बिल्ट-इन फ्लॅश समोरून मारतो, कपाळं चमकतात आणि मागे भिंतीवर काळ्या सावल्या. तेव्हा पुढचा खर्च डोकं वर वळणाऱ्या फ्लॅशवर, छताकडे मारायचा. सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर) १/२०० पर्यंतच आहे, घरात तेवढा पुरे.