आधी कवी की आधी कविता? मराठीच्या वर्गासाठी दोन पद्धतींची तुलना

पदवीच्या वर्गाला कविता शिकवायला घेताना नव्या प्राध्यापकासमोर दोन वाटा असतात. पहिली नेहमीची: कवीचे चरित्र, कालखंड आणि वाङ्मयीन प्रवाह सांगून मग कवितेकडे वळायचे. दुसरीत कवीचे नाव झाकून केवळ संहिता हातात द्यायची आणि काय समजले ते लिहून काढायला सांगायचे. केंब्रिजला इंग्रजी समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी हेच केले. १९२९ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्यांच्या विवेचनात वाचकांच्या अडचणींची जी यादी आहे, तिच्यात पहिलीच अडचण आहे ती कवितेचा साधा अर्थ न लागण्याची.

मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळ दोन्ही पद्धतींनी शिकवून पाहावी. पहिल्या पद्धतीत महायुद्ध, यंत्रयुग आणि नवकाव्य या तीन शब्दांवर विद्यार्थी परीक्षेपुरते निभावून नेतो. ओळ मात्र न वाचलेलीच राहते. दुसऱ्या पद्धतीत बरेच जण ‘ओले उंदीर’ असा अर्थ लावतात. त्यावर एवढेच विचारावे, की मग कवीने ‘ओले’ न लिहिता ‘ओल्या’ का लिहिले? हे सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययामुळे बदललेले रूप आहे, ते पिपाला लागते, ओले आहे ते पीप, हे कुणीतरी ओळखते. आणि हे विशेषण पिपापासून तोडून ‘मेले’ आणि ‘उंदिर’ यांच्या मध्ये का आणून ठेवले, हा खरा प्रश्न तिथून सुरू होतो. शाळेत नकोसे झालेले व्याकरण इथे कामी येताना मुलांना दिसते, याचे मोल मला फार वाटते.

अशा वाचनाला वेळ लागतो, हे खरे. एका तासिकेत दोन कडवीही होत नाहीत आणि ऐंशी जणांचे लेखन तपासणे एकट्याला झेपत नाही; तेव्हा पाच-सहा जणांचे गट करून गटामागे एकच कागद घ्यावा. अभ्यासक्रम वेळेत संपवायचा, तर पहिली पद्धत सरस आहेच.

शिवाय नाव झाकणे सर्वत्र चालत नाही. ‘लीळाचरित्रा’तले तेराव्या शतकातले गद्य शब्दार्थ आणि महानुभाव पंथाची ओळख दिल्याशिवाय आजच्या विद्यार्थ्याला उलगडत नाही. दलित आत्मकथनांत तर लिहिणारा कोण आहे, हाच मजकुराचा गाभा असतो. तिथे नाव झाकणे हा त्या लेखनावर अन्यायच ठरेल.

आधुनिक कवितेसाठी मात्र पहिले दोन तास संहितेला आणि तिसरा संदर्भाला, हाच क्रम मी निवडेन. महायुद्धाविषयी तेव्हा सांगितले, की त्याच कवितेच्या पुढच्या ओळीतल्या, ‘मुरगळल्याविण’ पडलेल्या मानांशी त्याचा संबंध विद्यार्थी स्वतःच जोडू लागतात.