तारांकित प्रश्न की पीआरसी? सोलापूरकरांनी आपला कागद कुठे द्यावा

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावचे दोघे परवा घरी आले. पिशवीत कागदांचा गठ्ठा. गावात पाण्याची टाकी उभी राहिली, नळ बसले, ठेकेदाराचं बिल निघालं. पाणी मात्र आलं नाही. त्यांना एकच विचारायचं होतं : "आमदारांना तारांकित टाकायला सांगू, का पीआरसी आली की तिला निवेदन देऊ?" तारांकित म्हणजे आमदाराने सभागृहात विचारलेला आणि मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायत राज समिती.

मी पंचायत समितीच्या लेखा शाखेत नोकरी केली. म्हणजे या दोन्ही गोष्टी मी टेबलाच्या पलीकडून पाहिल्यात, जाब द्यायच्या बाजूने. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

तारांकित प्रश्नाचा फायदा वेग. अधिवेशन वर्षातून तीनदा, दोन मुंबईत आणि हिवाळी नागपुरात. जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत. तुमच्या आमदारांचं आणि तुमचं जमत नसेल तर पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघातही सोलापूर येतं, म्हणजे विधान परिषदेचं दारही उघडं आहे. प्रश्न स्वीकृत झाला की मंत्रालयातून जिल्हा परिषदेला, तिथून तालुक्याला मेल सुटतो आणि दोन दिवस कुणाला जेवण गोड लागत नाही.

पण ते उत्तर कोण लिहितं? सभागृहात मंत्री वाचतात. त्याचा पहिला मसुदा माझ्यासारखाच कुणीतरी टाइप करतो, ज्या कार्यालयाबद्दल विचारलंय त्याच कार्यालयात बसून. प्रश्नाचा साचा ठरलेला : "हे खरे आहे काय, असल्यास कोणती कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तराचाही साचा ठरलेला. "पाणीटंचाईमुळे ग्रामस्थांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय" असं विचारलंत तर "हे खरे नाही" एवढ्यावर तुमची बोळवण होते, आणि पुढच्या दोन्ही भागांना "प्रश्न उद्भवत नाही." कामाचं नाव, प्रशासकीय मान्यतेची तारीख, अदा केलेली रक्कम घालून विचारलंत तर "अंशतः खरे आहे" तरी येतं. हा 'अंशतः' फार मोलाचा. एकदा तो छापला गेला की कार्यालयाला मागे फिरता येत नाही. बाकी प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, उरलेल्यांची उत्तरं छापील यादीत येतात. तुमच्या आमदारांना उभं राहून उपप्रश्न विचारायला मिळेल, या भरवशावर राहू नका.

पीआरसी ही वेगळीच चीज. ती जिल्ह्यात येते. दौऱ्याची तारीख लागली की पंचायत समितीत लगीनघाई असते : कॅशबुक, मोजमाप पुस्तिका, तसलमात म्हणजे आगाऊ रकमांची नोंदवही, उपयोगिता प्रमाणपत्रांची फाइल, सगळं धूळ झटकून टेबलावर. एका दौऱ्याच्या आदल्या रात्री आम्ही दोनपर्यंत अनुपालन, म्हणजे लेखापरीक्षणातल्या आक्षेपांची उत्तरं, लिहीत होतो. एका आक्षेपात वसूलपात्र रक्कम होती आणि तिच्यापुढे सलग काही वर्षं "वसुलीची कार्यवाही सुरू आहे" एवढंच लिहिलेलं. समितीतल्या एका आमदारांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "सुरू आहे म्हणजे कुठपर्यंत आली?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी फाइलकडे. प्रश्नोत्तराच्या कागदावर हे वाक्य सहज खपलं असतं. समोरासमोर, मूळ दप्तर उघडं असताना, खपलं नाही.

मात्र पीआरसी चालते लेखापरीक्षणावर. स्थानिक निधी लेखापरीक्षेने, म्हणजे या संस्थांचे हिशेब तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाने, आक्षेप घेतलेला असेल तर तो समितीच्या हातात आयता असतो, आणि हे आक्षेपही बहुतेक काही वर्षांपूर्वीचे असतात. यंदाची टाकी त्यात नसणार. निवेदन स्वीकारतात, गावालाही भेट देतात, पण कोणत्या गावाला ते आधीच ठरतं आणि त्या गावात आदल्या दिवशी झाडलोट होते. सगळ्याच समित्यांचे दौरे धुतल्या तांदळासारखे असतात असंही मी म्हणणार नाही; मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्याच अंदाज समितीच्या दौऱ्यावेळी धुळ्याच्या विश्रामगृहातल्या खोलीत मोठी रोकड सापडली होती, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. म्हणून सात रस्त्याच्या विश्रामगृहावर निवेदन द्यायला गेलात तर एकटे जाऊ नका आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

आणखी एक. पीआरसीचा हात जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत एवढ्यापुरता. काम शहरातलं, महापालिकेचं असेल तर पीआरसीकडे जाऊन उपयोग नाही. तिथे महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आणि स्थायी समिती, नाहीतर नगरविकास खात्याला तारांकित किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयावर आमदाराने मांडायची सूचना). २०२२ नंतर महापालिका आणि जिल्हा परिषद बराच काळ प्रशासकांच्या हाती होती. त्यांच्या सभागृहात विचारणारे सदस्यच नव्हते. त्या वर्षांचे आक्षेप वाचण्यासारखे असतील. महावितरण किंवा एसटी महामंडळाची तक्रार असेल तर सार्वजनिक उपक्रम समिती.

लोकलेखा समितीचं नाव सगळ्यांत मोठं, सचिवांना साक्षीला बोलावते. पण ती 'कॅग'च्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालातले परिच्छेद घेऊन बसते. एका गावच्या टाकीसाठी त्या दारात बसणं म्हणजे आषाढीच्या बारीत आज उभं राहून आजच दर्शन मागणं. शिवाय समिती कुठलीही असो, तिच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. विनंती अर्ज समितीचा मार्गही आहे, पण त्यालाही आमदार लागतोच, आणि प्रकरण कोर्टात असेल तर तो बंद.

मग या दोघांनी काय करावं? मी म्हटलं, आधी योजना कुणी राबवली ते बघा, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाने की राज्याच्या जीवन प्राधिकरणाने. जिल्हा परिषदेची असेल तरच पीआरसीचा विषय. माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिकेची आणि अदा केलेल्या बिलांची प्रत मागा. दहा रुपये आणि ३० दिवस. ती हातात आली की तारांकित टाका, तारखा आणि आकड्यांसकट. आणि तीच कागदपत्रं लेखी तक्रारीसोबत स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या कार्यालयात द्या, म्हणजे पुढचं लेखापरीक्षण त्या टाकीवर थांबेल अशी आशा तरी धरता येते. आक्षेप निघालाच तर पीआरसी ज्या वर्षी येईल त्या वर्षी तो तिच्या टेबलावर असेल.

"म्हणजे पाच-सहा वर्षं?" त्यातल्या वयस्कर माणसाने विचारलं. लागू शकतात, मी म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग पिशवीतून कोरा कागद काढून म्हणाला, "अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते सांगा."