रुग्णालयाचे जेवण की घरचा डबा?

रुग्ण दाखल झाला की पहिल्याच दिवशी नातेवाइकांपुढे हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर बहुधा चव व खर्च पाहून दिले जाते. खर्चाचे लवकर उरकता येते: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार असतील, तर रुग्णाचे जेवण पॅकेजमध्येच धरलेले असते, इतरत्र ते खोलीभाड्यात आहे की वेगळे, हे दाखल करतानाच विचारावे.

चवीत घरचा डबा सरस असतो आणि ही बाब मुळीच किरकोळ नाही, कारण अळणी वरण-भाताचे दोन घास खाऊन वृद्ध रुग्णाने ताट सरकवले, तर आहारतज्ज्ञाचा अचूक हिशेब कागदावरच राहतो. मात्र घरचे ‘हलके’ जेवण म्हणजे अनेकदा साबुदाण्याची खीर किंवा तांदळाची पेज, ज्यांत पिष्टाशिवाय फारसे काही नसते. जखम भरण्यासाठी, मूत्रपिंडे ठीक असल्यास, वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या रुग्णाला ७२ ते ९० ग्रॅम, आणि एका अंड्यातून मिळतात जेमतेम सहा. मुगाची खिचडी, दही, पनीर, अंडी यांनी भरलेला डबा हीच उणीव चांगली भरून काढतो.

मूत्रपिंडाचा विकार, इन्सुलिन किंवा नळीवाटे आहार असल्यास मी निःसंकोचपणे रुग्णालयाची बाजू घेईन. प्रेमाने आणलेल्या पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात चारशे ते सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकते आणि ते निकामी मूत्रपिंडांना झेपत नाही. इन्सुलिन टोचून झाल्यावर डबा वाहतुकीत अडकला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. केमोथेरपी सुरू असताना प्रश्न स्वच्छतेचा असतो: शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये दोन तासांहून अधिक राहिले, तर जंतू झपाट्याने वाढतात.

हाड मोडल्यामुळे दीर्घकाळ दाखल असलेल्या, पथ्य नसलेल्या पण भूक मेलेल्या रुग्णाला मात्र घरचाच डबा द्यावा. दोन्हीकडचे थोडेथोडे देण्याची पद्धत सर्वांत सोयीची वाटते, पण त्यात पोटात काय आणि किती गेले याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही. तरीही तसे करायचे असेल, तर पदार्थ आहारतज्ज्ञांना आधी दाखवावेत आणि रुग्णाने किती खाल्ले हे प्रत्येक वेळी सिस्टरांना सांगावे, म्हणजे त्याची नोंद फाइलमध्ये होईल.