झडीची घोंगडी: पोळ्याला गावी येऊन घेणार असाल तर

मराठवाड्यातला माणूस गावाकडच्या पावसाची आठवण काढतो तेव्हा त्याच्या मनात झड असते. दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही, पाऊस जोर धरत नाही आणि थांबतही नाही, काळ्या रानात पाय घोट्यापर्यंत रुततो. पोळ्याला, महालक्ष्म्यांना पुण्या-मुंबईहून आलेल्यांना हीच झड हवी असते आणि तिच्याबरोबर आजोबांची घोंगडीही. मग बाजारात घोंगडीची चौकशी सुरू होते आणि बऱ्याचदा भलतीच वस्तू गळ्यात पडते. हातमागाची काळी घोंगडी पैसे टाकण्याजोगी आहे, यात शंका नाही. पण ती कधी घ्यायची आणि तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी कळायला हवं.

दख्खनी मेंढीची लोकर जाड, केसाळ आणि राठ असते. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीची लोकर किलोभरही भरत नाही, म्हणजे एका घोंगडीमागे चार-पाच मेंढ्या तरी लागतात. लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे लावायचे आणि मग त्या ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून शिजवले की ही खळ तयार होते. तिच्यामुळे लोकरीचे सुटे केस धाग्याला चिकटतात, नाहीतर मागावर ताण बसताच सूत तुटतं. खळ दिलेला ताणा उन्हात कडक वाळावा लागतो. पावसाळ्यात तो वाळत नाही आणि खड्ड्यातल्या मागालाही ओल धरते, त्यामुळे ऐन पावसात विणकाम जवळजवळ बंद पडतं. पावसात लागणारी ही वस्तू पावसात विणली जात नाही. भाद्रपदात दुकानात दिसते ती उन्हाळ्यातली शिल्लक तरी असते, नाहीतर गिरणीच्या सुताची.

गिरणीची ओळखायला धागा जाळून बघा. शुद्ध लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी होतो, सुती धागा कागदासारखा जळतो. इथे एक फसवणूक नेहमीची: विक्रेता आडवा धागा जाळून दाखवतो, तो खरंच लोकरीचा असतो, पण उभा ताणा सुती निघतो. दोन्हीकडचे धागे स्वतः ओढून घ्या. पाणी शिंपडून थेंब घरंगळतो हे दाखवलं तर त्यावर विसंबू नका, ॲक्रिलिकवरूनही थेंब तसाच घरंगळतो. ओला पांढरा रुमाल घासून बघा. काळा उतरला तर रंगवलेली आहे. मेंढीचा मूळ काळा रंग एकसारखा कधीच नसतो, उजेडात धरला की त्यात तांबूस झाक दिसते आणि अधूनमधून पांढरा केसही सापडतो. सूत कुठे जाड, कुठे बारीक असेल तर ते हाताचं, तो दोष समजू नका. सहा-सातशे रुपयांत कुणी शुद्ध हातमागाची म्हणून देत असेल तर सोडून द्या. तेवढ्यात लोकर आणि मजुरी निघतच नाही.

आता पावसातलं काम. झडीत ही घोंगडी फार चांगली. लोकरीचा वरचा थर तेलकट असल्याने बारीक थेंब वरच थांबतात, आणि ओल आत शिरली तरी लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी पिऊन अंगाला ओली लागत नाही. ओल शोषताना ती थोडी ऊबही देते. मेणकापडाखाली घाम साचतो आणि थेंबांचा तडतडाट डोक्यात बसतो. घोंगडीत तोच पाऊस दबका ऐकू येतो, वर ओल्या लोकरीचा तो वास. ज्यांना गावचा पाऊस आठवतो त्यांना बहुधा हेच हवं असतं, आणि ते दुसऱ्या कशात मिळत नाही. मुसळधार पावसात मात्र ती तासाभरात भिजते आणि इतकी जड होते की मान अवघडते. दुचाकीवर तर अजिबात नको, भिजलेलं टोक चाकात जाण्याचा धोका असतो.

खोळ, म्हणजे पावसात डोक्यावरून घ्यायची टोपीवजा घडी, करायची तर साधारण ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद घोंगडी लागते. लांबी मधोमध दुमडा, दुमड पाठीकडे ठेवा आणि वरच्या कडेला दुमडीच्या कोपऱ्यापासून सव्वा वीत जाड दोऱ्याने शिवा. हाच कोपरा डोक्यावर टोपीसारखा बसतो, बाकीची दोन्ही अंगांनी गुडघ्यापर्यंत येते. साडेतीन फूट रुंदीच्या घोंगडीची खोळ आखूड पडते आणि मांड्या भिजतात. बाजारातल्या बऱ्याच घोंगड्या अंथरायच्या मापाच्या असतात, म्हणून फूटपट्टी सोबत असू द्या.

टोचण्याची तक्रार खरी आहे आणि ती पूर्ण जात नाही. जाड केसांची टोकं कातडीला लागतात. अंगावर घ्यायची तर आत सुती धडपा लावा, किंवा जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची, मागा. ती मऊ असते, महागही असते आणि अलीकडे मिळायला अवघड झाली आहे. मांसासाठी माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या मेंढ्या वाढत चालल्यात, त्याचाही हा परिणाम.

सांभाळण्यात लोक सर्वात जास्त चुकतात. नवीन घोंगडीत खळ असते. ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून शहरात नेली की दमट हवेत बुरशी धरते, शिवाय खळीच्या वासाने उंदीर-झुरळं येतात. आधी थंड पाण्यात रिठ्याने धुऊन खळ काढा. वॉशिंग मशीन, गरम पाणी आणि पिळणं, तिन्ही टाळा, कारण उष्णतेत घासली की लोकरीच्या केसावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटून घट्ट होते, मग काही केल्या सुटत नाही. डाग काढणाऱ्या पावडरींमधली एन्झाइम लोकरीला खातात. ओली दोरीवर टाकली तर वजनाने झोळ पडतो, बाजेवर सावलीत पसरा. कडुनिंबाचा पाला ठेवावा, पण तेवढ्याने कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, जात नाही. तिची अंडी घडीत दडून राहतात. ऑक्टोबरच्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून ब्रशने झटका आणि सुती कापडात गुंडाळा.

दम्याचा त्रास असणाऱ्यांनी नवी घोंगडी घरात आणण्याआधी विचार करावा, सुरुवातीला तिचे केस बरेच गळतात.

तेव्हा पोळ्याला आलात तर मिळेल ती उचलू नका. गावच्या किंवा जवळच्या विणकराला गाठून माप द्या: लांबी ८, रुंदी ४, उभा-आडवा दोन्ही धागा लोकरीचा, रंग न देता. काठ दुहेरी मागा, कारण खोळीची ओढ तिथेच बसते. थोडा विसार द्या आणि दिवाळीनंतरची तारीख ठरवा. विणकर सापडला नाही तर मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोंगड्या विकायला येतात. तिथे ताजा माल असतो, चार ठिकाणी बघून निवडता येतो, भावही बोलता येतो. घेतलेली उन्हाळ्यात धुऊन वाळवून ठेवा, म्हणजे मिरगाच्या पावसाला ती वापरायला तयार असेल.